चुन्याच्या निवळीतले हात

भिजवलेल्या चुन्याचा वास आला की रोह्याकडच्या निडी गावातील त्या पिढीजात वैद्यांची ओसरी आठवते आणि माझा संताप आजही उसळतो. पेणला आमच्या घरी पत्नीला कावीळ होऊन महिना झाला होता. यकृत आपली झीज आपणच भरून काढते, विश्रांती आणि पथ्य तेवढे सांभाळा, असे डॉक्टरांनी बजावले होते आणि मी ते कलमवार पाळले होते: खोली वेगळी, ताट वेगळे, जेवण वेळेवर. ती बरी होत आली, तरी कावीळ 'उतरवून' घेण्याचा हट्ट तिने धरला, म्हणून मी तिला निडीला नेले. वृद्ध वैद्यांनी तिच्या तळहातांना कसल्याशा सालीचा रस चोळला, मग ते हात चुन्याच्या निवळीत धरून सावकाश धुतले. पाणी हळदीसारखे पिवळे झाले. "उतरली गो पोरी. आता भ्यायचं काय नाय," ते म्हणाले, आणि महिनाभर मला न दिसलेले हसू तिने त्यांना दिले. बरे केले तिच्या यकृताने, पथ्य सांभाळले मी, आणि श्रेय त्यांना! साल आणि चुना एकत्र आल्यावर पाणी पिवळे होणारच, ही उघड फसवणूक आहे, असा तीन पानी तक्रार अर्ज मी त्याच संध्याकाळी जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे लिहिला आणि तिला वाचून दाखवला. "सगळं खरं आहे हो," ती शांतपणे म्हणाली, "पण महिनाभर तुम्ही ताट उंबऱ्यावरून सरकवलंत. माझे हात त्यांनी धरले." तो अर्ज अजून माझ्या कपाटात आहे. त्यातील एकही विधान खोटे नाही. त्याखाली सही मात्र मला आजवर करता आलेली नाही.