नातीच्या फॉर्मवर माझी सही

मंडळी, आज सकाळी म्हसावदला नातीच्या हिमालय ट्रेकच्या फॉर्मवर पालक म्हणून सही केली. आठ दिवस टाळत होतो. तिकडे उंचावर हवा विरळ असते, हे वाचल्यापासून माझाच श्वास अडकत होता.

मिरचीच्या रोपांजवळ बसलो होतो. नात आली.

“आबा, रोपले पानी का बरं नही देतस?”

“लावाना आगोदर पानी तोडनं पडस. मंग ते उनमा टिकस.”

“आम्ही बी वर चढताना दोन दिन थांबसूत, आंगले सवय व्हवासाठे. रोपवर भरोसा शे, मन्हावर नही?”

पेन तिनेच पुढे केला. सही केली, जरा वाकडीच आली.

आता माझा मफलर धुऊन तिच्यासाठी वाळत घातलाय. तिकडे कोणी गेलं असेल तर सांगा, एक पुरेल का?