उल्कान एजेचे पाच फोटो

उल्कान एजेबद्दल दोन गोष्टींवर आमच्या गावात एकमत होतं. एक म्हणजे तिच्यासारखे फोटो पार नारीन शहरापर्यंत कोणी काढत नाही. आणि दुसरी म्हणजे ती लबाड आहे.

लग्न असो, नव्या घराचं जेवण असो, ती सकाळपासून तो भला मोठा कॅमेरा खटाखट वाजवत फिरायची. अंगणात खट, ताटावर खट, घोड्यावर खट. आणि आठवड्याभरानं दारात येऊन हातावर पाच फोटो टेकवायची. पाच! फार खुशीत असली तर सहा.

"एजे, बाकीचे कुठं गेले?"

"ठेवण्याजोगे नव्हते."

"अहो, माझा मामा होता की त्यात!"

"होता. पण तो तुझ्या मामासारखा दिसत नव्हता. मामा घरी आहे ना? मग त्यालाच बघ."

एवढं बोलून ती खिशातल्या सूर्यफुलाच्या बिया तोंडात टाकायची आणि चालू लागायची. कोणी म्हणे, बाकीचे फोटो ती शहरात विकते. माझ्या सासूबाईंचं तर ठाम मत होतं की ती ते चुलीत घालते आणि म्हणूनच गावात दर हिवाळ्यात खोकला पसरतो.

एजे म्हणजे थोरली बहीण, पण तिच्याहून थोरलेही तिला एजेच म्हणत. तरुणपणी ती सामुदायिक शेतीच्या गोठ्यात गाई पिळायची. एका वर्षी सगळ्यांत जास्त दूध तिच्या हातून निघालं, म्हणून शेतीच्या साहेबांनी मोठी सभा भरवून तिला बक्षीस दिलं. तिला हवं होतं शिलाई मशीन. खोक्यातून निघाला कॅमेरा. ती स्टेजवरच म्हणाली, "याच्यानं विजार शिवता येईल का, ते सांगा आधी." सभा हसली. पण महिन्याभरात बाईनं घरामागच्या बिनखिडकीच्या कोठारात लाल दिवा लावला, फोटो धुवायच्या पाट्या मांडल्या, आणि गाईंना कायमचा रामराम ठोकला. आवाज मात्र गोठ्यातलाच राहिला. कुजबुजली तरी शेजारच्या वाडीला ऐकू जायचं.

आता आमच्या लोकांची एक खोड सांगते. कॅमेरा दिसला की आमचा माणूस खांब होतो. हसत असला तर हसू गिळतो, हात मांड्यांना चिकटवतो, हनुवटी वर करतो आणि श्वास कोंडून खट्ची वाट बघतो. तोपर्यंत पापणी लववायची नाही. माझा नवरा शारशेन एरवी घटकाभर गप्प बसत नाही, पण कॅमेऱ्यापुढं असा उभा राहायचा की जणू आत्ता याच्यावर फिर्याद वाचून दाखवणार आहेत.

असं सगळं असताना माझ्या तोक्तोसूनची दोरी कापायचं ठरलं.

त्याच्या आधीची माझी दोन लेकरं राहिली नाहीत. म्हणून याचं नाव ठेवलं तोक्तोसून. म्हणजे थांबो, राहो. राहिला. गुटगुटीत झाला, दात आले, शिव्याही शिकला. पण दोन वर्षांचा व्हायला आला तरी पाऊल टाकेना. त्याच्या बरोबरीची पोरं कोंबड्यांमागं धावत होती आणि माझा राजा शिर्दाकावर, आमच्या नक्षीच्या जाड नमद्यावर, बसून होता. शेजारणी यायच्या, त्याच्याभोवती गोल करून बसायच्या आणि बघत राहायच्या. "ऊठ रे बाळा, ऊठ! उठतोय बघा! नाही, बसला." एक भवानी तर म्हणाली, "तुम्ही थांब म्हणालात, तो थांबला. आता चल कोण म्हणणार?" तिला मी चहाही न देता वाटेला लावलं.

सासूबाई उघड बोलायच्या. "पायात जीव नाही पोराच्या. सूनबाईच्या माहेरी असंच एक होतं म्हणे." असं कोणीही नव्हतं. पण मी रात्रंदिवस त्याच्या पायांकडेच बघत असायची. मला दुसरं काही दिसतच नव्हतं.

शेवटी सासरेबुवा म्हणाले, "दोरी कापू. आपल्या सगळ्यांची कापली, सगळे चाललो. हाही चालेल." आमच्याकडे लेकराच्या पायांत काळ्या-पांढऱ्या लोकरीची दोरी बांधतात. गावची पोरं लांबून शर्यत लावतात, पहिला येईल तो सुरीनं दोरी कापतो, आणि मग लेकराला बोट धरून चालवतात. बहुतेक लेकरं तोवर चालायला लागलेलीच असतात. माझ्याच पोराचं सगळं दोरीवर येऊन ठेपलं होतं.

गवताची कापणी नुकतीच झाली होती. ओढ्याकाठचं कुरण मोकळं होतं. अख्खा गाव लोटला. दोन कढयांत बोरसोक, आमचे कणकेचे फुगीर तुकडे, तळले जात होते, शारशेननं आपला ट्रक धुऊनपुसून कुरणात आणून उभा केला होता. मी तोक्तोसूनला नवी टोपी घालून शिर्दाकावर बसवलं, पायांत दोरी बांधली. घाईगडबडीत गाठ सैल बसली.

"एजे," मी उल्कान एजेला बाजूला घेऊन म्हटलं, "बाकी काही नको. मामा नको, काका नको. तो पाऊल टाकेल ना, तेवढा एक द्या."

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. "एकच मागतेस? या गावात असं मागणारी पहिलीच तू," ती म्हणाली.

सासरेबुवांनी रुमाल हलवला आणि पोरं सुटली! काय धुरळा, काय आरडाओरडा! "पळ, पळ!" म्हाताऱ्या काठ्या आपटत होत्या, कुत्री पोरांबरोबर धावत होती. एक वेणीवाली मुलगी सगळ्यांच्या पुढं होती. पोचलीच, आता पोचलीच! आणि तिला उल्कान एजेचा मोठा कॅमेरा दिसला.

मुलगी थांबली. हात मांड्यांना चिकटवून, हनुवटी वर करून ताठ उभी राहिली. मागची पोरं तिच्या शेजारी येऊन तशीच उभी राहिली. शेवटचं बारकं तेवढं थांबता न आल्यामुळं सगळ्यांवर येऊन आदळलं. शिर्दाक चार हातांवर होता.

"अरे गाढवांनो, पळा!" शारशेन ओरडला.

"फोटो होऊ दे ना!" वेणीवाली ओठ न हलवता म्हणाली.

मग जो गोंधळ झाला! पहिला कोण? प्रत्येक आई म्हणे, माझाच. कोणी म्हणे, उल्कानला आधी कुरणाबाहेर काढा. सासूबाई म्हणाल्या, "हा अपशकुन आहे, मी आधीच सांगत होते." शेवटी सासरेबुवांनी निवाडा दिला. शर्यत पुन्हा. पण आधी उल्काननं सगळ्यांचा एकदाच काय तो फोटो काढून टाकावा, म्हणजे कॅमेऱ्याची हौस फिटेल आणि पोरं धड पळतील.

झालं. गाव रांगा लावू लागला. पुढं पोरं, मागं बायका, त्यामागं पुरुष. मला वाटलं, तोक्तोसून सासूबाईंपाशी आहे. सासूबाईंना वाटलं, शारशेनपाशी. शारशेन पट्टा वर ओढण्यात गुंग. मी रुमाल सारखा केला, ओढणीची गाठ बघितली आणि दुसऱ्या रांगेत उभी राहिले.

उल्कान एजे ट्रकच्या टपावर चढली आणि मोठा कॅमेरा एका हातानं डोक्याच्या वर धरला. "सगळ्यांनी इथं वर बघा!"

सगळ्यांनी माना वर केल्या. श्वास कोंडले. आम्ही वाट बघतोय, पण खट् काही होईना.

"एजे, वाजवा ना," शारशेन दातांमधून म्हणाला.

"हलू नका! ढग आलाय. वरच बघा. जो खाली बघेल त्याचं थोबाड कापून टाकीन फोटोतून." तिचा आवाज भलताच हळू होता. इतका हळू आवाज तिला काढता येतो, हे मला ठाऊकच नव्हतं. "अजून थोडं. शाब्बास. शाब्बास रे. अजून एक."

मान अवघडली. ऊन डोळ्यांत येत होतं. मी मनातल्या मनात तिला जी काही नावं ठेवली ती सांगण्यासारखी नाहीत. पण नजर खाली आणली नाही. मग एकदाची खट् वाजली, सगळ्यांनी श्वास सोडले, आणि उल्कान एजे टपावरून किंचाळली, "चालला! अरे मेल्यांनो, पोरगा चालला!"

मी वळले. शिर्दाक डाव्या टोकाला रिकामा होता. तोक्तोसून उजव्या टोकाला, रांगेच्या पार पलीकडं, गवतात बसून कोणाच्या तरी बुटाची नाडी चावत होता. दोरी एका पायातून निसटून मागं लोंबत होती.

"कोणी बघितलं?" मी ओरडले. "कोणी बघितलं का?"

कोणी नाही. अख्खा गाव तिथं होता आणि एकानंही बघितलं नाही.

"ढुंगणावर सरकत गेला असेल," सासूबाई म्हणाल्या. "तसाच जातो तो."

"चालला!" एजे खाली उतरत म्हणाली. "माझ्या डोळ्यांनी बघितलं."

"तुमचे डोळे कॅमेऱ्यात होते, एजे," शारशेन म्हणाला. "आणि कॅमेरा आभाळात."

दोरी पुन्हा बांधली, शर्यत पुन्हा झाली. या वेळी वेणीवालीनं डोळे मिटूनच धाव घेतली आणि पहिली आली. सुरीनं दोरी कापली, लोकांनी साखरेच्या गोळ्या उधळल्या. मी तोक्तोसूनला बगलांत धरून उभं केलं. सगळा गाव पुढं झुकून बघू लागला. त्यानं एकदा सगळ्यांकडे पाहिलं, पाय पोटाशी घेतले आणि माझ्या हातांत लोंबकळत राहिला. खाली ठेवला तर बसला. बायका हळूच उठून बोरसोकांच्या कढईकडे गेल्या. मला ते त्यांच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उल्कान एजेच्या कोठाराच्या दारात उभी होते. "मी आत येणार. हवं तर हाकलून द्या."

"ये, पण दार लाव," ती म्हणाली. "आणि आशा लावून बसू नकोस. पोटाशी धरून घेतलाय, डोळा न लावता. कधी येतो, कधी नुसतं गवत येतं."

"पोटाशी? कॅमेरा तर वर होता."

लाल उजेडात तिनं फळीवरचा मोठा कॅमेरा उचलला आणि पाठ उघडून दाखवली. आत रोल नव्हता. कधी बसेल असंही काही उरलं नव्हतं.

"नवऱ्याच्या घोड्यानं पाय दिला यावर. आता नुसता वाजतो." मग तिनं स्वेटरखालून दुसरा कॅमेरा काढला, बारका, मळका. "खरा हा. तुम्ही मोठ्यापुढं खांब होता. त्याची खट् झाली की श्वास सोडता आणि पुन्हा माणसं होता. तेव्हा मी हा दाबते. दिवसाला दहा, फार तर बारा. त्यातले पाच ठेवण्याजोगे निघाले की मी खूश."

"म्हणजे बाकीचे शंभर..."

"कधी नव्हतेच गं. गावाला सांगू नकोस, नाहीतर याच्यापुढंही खांब व्हाल."

माझं हसू फुटलं, पण अर्ध्यातच अडकलं. तिनं कागद औषधाच्या पाण्यात सोडला होता. मी पाटीवर वाकले. आधी काही नाही. मग एक राखाडी डाग. मग माणसांचे पाय, पायांची रांगच्या रांग.

"आला?" मी विचारलं.

"गप्प बस."

आला! सगळा गाव आला, ट्रकच्या टपावरून घेतलेला, थोडा तिरका. सगळ्यांच्या माना वर, सगळे खांब. आणि पुढच्या मोकळ्या गवतात, एकटा, हात दोन्हीकडे पसरून, एक पाय हवेत, मागं दोरी ओढत, माझा तोक्तोसून! टोपी डोळ्यांवर आलेली, तोंड उघडं. तो चालत होता! कोणी धरलेलं नव्हतं, तो चालत होता!

मी उल्कान एजेला मिठी मारली. तिच्या ओल्या हातांनी माझी पाठ भिजली. मी रडत होते, ओरडत होते, बहुधा नाचतही होते, कारण एक पाटी सांडली.

"अगं, आणखी दोन आहेत. थांब!"

मी पुन्हा फोटो उचलला. आणि तेव्हा दुसऱ्या रांगेतली ती बाई दिसली. रुमाल नीट बांधलेला, हनुवटी वर, डोळे आभाळात. तिच्यापुढं दोन पावलांवर तिचं पोर आयुष्यातलं पहिलं पाऊल टाकत होतं आणि ती खट्ची वाट बघत होती. ती मीच होते. आजपर्यंत मी त्याच्यावरून नजर काढली नव्हती, आणि काढली ती नेमकी तेव्हाच.

"तुम्ही मला हाक का नाही मारलीत, एजे?"

"हाक मारली असती तर तू बघितलं असतंस," ती कागद पालटत म्हणाली. "आणि मग त्यानं तुझ्याकडे बघितलं असतं."

मी घरापर्यंत तेच वाक्य घोळवत आले. सासूबाईंनी फोटो खिडकीशी नेऊन बराच वेळ बघितला. म्हणाल्या, "माझा रुमाल तिरका आलाय." मग फोटो उलटा केला, पुन्हा सुलटा केला, नातवाच्या हवेतल्या पायावर बोट ठेवलं, आणि गाईला पाणी दाखवायला निघून गेल्या.

घरात आम्ही दोघंच उरलो. मी तोक्तोसूनला शिर्दाकाच्या एका टोकाला ठेवलं. ऊठ म्हटलं नाही, ये म्हटलं नाही. मी दुसऱ्या टोकाला गेले, त्याच्याकडे पाठ करून बसले आणि परातीत कणीक मळायला घेतली. फार अवघड होतं. मान आपोआप मागं वळायला बघत होती. मी कणकेवर डोळे रोवले आणि मळत राहिले, नको तितकी मळली.

मागं नमद्यावर धप्प झालं. मग काहीच नाही. मग पुन्हा धप्प, जरा जवळ. मी वळले नाही. अजून एक, आणि मधे कोणाचा तरी मोठमोठ्यानं श्वास.

मग दोन लहान हातांनी माझी वेणी घट्ट पकडली.