नागोराव सरांच्या नावावरचं वाक्य

नागोराव सर गेल्याची बातमी मला एका सुविचारातून कळली. सकाळी चहा गाळत होते, तेवढ्यात मोबाइल वाजला. आमच्या शाळेतल्या जुन्या शिक्षकांच्या ग्रुपवर एक चित्र आलं होतं. दोन्ही बाजूंना समया, चारी कडांना गुलाब, मधोमध सरांचा फोटो आणि त्याखाली दिवा विझतो पण उजेड राहतो, अशा अर्थाची एक गुळगुळीत ओळ. ही ओळ दर आठवड्याला कुणा ना कुणाच्या मरणाला चिकटवलेली असते. माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, तर सर आता हे पाहून भडकतील आणि मला फोन करतील. मी गॅस बंद केला, हात पुसले, फोन जवळ घेऊन बसले... मग समयांकडे लक्ष गेलं. माझ्या बरोबरीनं इतकी वर्षं एका शाळेत शिकवलेला माणूस गेला, आणि ते मला कळलं कुठून, तर ज्या गोष्टीची त्याला आयुष्यभर शिसारी होती तिच्यातून.

दुसऱ्या दिवशी जवळा बाजारच्या फाट्यावर फ्लेक्स लागला. सरांचा रापलेला चेहरा धुवून पुसून गोरा केलेला. जन्मभर हा माणूस पांढऱ्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडून फिरला, आणि मेल्यावर फ्लेक्सवाल्यानं त्याला निळा कोट चढवला. वर रांगेनं पुढाऱ्यांचे हसरे फोटो. ते काय पाहून हसत होते कुणास ठाऊक. आणि खाली पुन्हा एक सुविचार, यशाबद्दलचा. सर हृदयविकारानं गेले, शेवटचे दिवस त्यांना धड बसता येत नव्हतं, आणि खाली लिहिलंय की जिद्द असेल तर शिखर दूर नाही. एसटीची वाट पाहत मी त्या फ्लेक्ससमोर उभी होते. शेवटी त्याच्याकडे पाठ फिरवली.

लोकांना वाटतं सरांना सुविचारांचं वेड होतं. तसं वाटणं साहजिक आहे, कारण आमच्या शाळेत परिपाठाचा फळा त्यांच्याकडे होता. प्रार्थना झाली की सर खडू घेऊन एक वाक्य लिहायचे, वळणदार अक्षरात, आणि काही न बोलता वर्गावर निघून जायचे. दिवसभर पोरं जाता-येता ते वाचायची. खरी गंमत शेवटच्या तासाला. सर पोरांना फळ्यासमोर मांडी घालून बसवायचे आणि विचारायचे, "सांगा बरं, हे कोण म्हणून राहिलं? कुणाला म्हणून राहिलं? आन् काहून?" मग ते पुस्तक काढायचे, त्या वाक्याच्या आधीचं पान वाचायचे, नंतरचं पान वाचायचे. बहुतेक वेळा सकाळी गोड वाटलेलं वाक्य संध्याकाळपर्यंत आंबायचं. एखादं सकाळी अगदीच साधं वाटलेलं वाक्य संध्याकाळी पोरांना गप्प करायचं. पुस्तकातून वाक्य उपटून आणणं म्हणजे कोंबडीचा पाय तोडून आणून त्याला चालायला सांगणं, असं ते मला एकदा स्टाफरूममध्ये म्हणाले होते. तेव्हा मी हसले होते.

त्यांना आवडणारी वाक्यं फ्लेक्सवर टाकण्याच्या लायकीची नव्हतीच. एका कथेत मुलगा बापाला अग्नी देऊन घरी येतो, पाय धुतो आणि विचारतो, भाकरी उरली आहे का. सरांचं ते सगळ्यात लाडकं वाक्य. काहून, असं मीच एकदा विचारलं. म्हणाले, "बाई, माझा बाप गेला त्या दिवशी मला लई भूक लागली व्हती. कुणाला सांगता येईना. मला वाटलं, माझ्यातच काही खोट हाय. ते वाक्य वाचलं तवा कळलं, न्हाई, आणखी एकाला लागली व्हती." दुसरं एका प्रवासवर्णनातलं. लेखक मोठं प्रसिद्ध देऊळ पाहायला गेलेला असतो आणि लिहितो की मला देवळातलं काहीच आठवत नाही, नवी चप्पल चावत होती तेवढंच आठवतं. हे वाक्य सर दर उन्हाळ्यात मला ऐकवायचे आणि खो खो हसायचे. खरं बोलणारा माणूस सापडला की त्यांना असा आनंद व्हायचा. पुस्तकांची नावं मी इथे मुद्दामच देत नाही. उद्या त्यांचीही स्टेटसं होतील, गुलाबासकट.

तेराव्याला सगळे जमले. प्रत्येकानं माईक हातात घेतला आणि प्रत्येकानं एक वाक्य सोडलं. एकानं तर मोबाइलमध्ये बघून सोडलं. तिथेच दत्तानं जाहीर केलं की गावात सरांच्या नावानं वाचनालय करायचं. दत्ता आमचा विद्यार्थी. आता गावात त्याच्याशिवाय कुठला कार्यक्रम होत नाही. मनानं वाईट नाही तो, हे मला रागातसुद्धा लिहावं लागेल. सरांच्या आजारपणात हिंगोलीच्या दवाखान्यात नेण्या-आणण्यासाठी त्यानंच गाडी दिली होती. ग्रामपंचायतीची पडून असलेली एक खोली त्यानं मागून घेतली, कपाटं बसवली, सरांची पुस्तकं लावली. आणि बाहेरच्या भिंतीवर पेंटरकडून मोठ्या निळ्या अक्षरात एक वाक्य लिहून घेतलं. खाली सरांचं नाव.

ते वाक्य मी ओळखलं. जो मुकाट सोसतो त्यालाच देव मोठा करतो, असा त्याचा अर्थ. दिसायला किती छान! एका जुन्या कादंबरीत वाड्यावरचा एक कारभारी हे वाक्य एका बाईला ऐकवतो. तिनं नुकताच त्याचा मार खाल्लेला असतो आणि ती चार लोकांत बोलेल याची त्याला धास्ती असते. सर दरवर्षी नव्या वर्गाला हे वाक्य फळ्यावर लिहून दाखवायचे. सकाळी पोरं माना डोलवायची, संध्याकाळी आधीचं पान ऐकलं की पोरींचे चेहरे बदलायचे. आता ते वाक्य सरांच्या नावानं, ऑइलपेंटमध्ये, गावच्या भिंतीवर! मला इतकी किळस आली की मी तशीच दत्ताच्या घरी गेले.

"बाई, मी सवताच्या डोळ्यांनी पाहिलंय," दत्ता म्हणाला. "सरांनीच फळ्यावर लिवलं व्हतं. मला पाठ हाय."

"संध्याकाळी सर त्याच्यावर काय बोलले, ते पाठ आहे का?"

दत्ता ओशाळून हसला. तो दुपारची खिचडी खाल्ली की दप्तर कुंपणावरून फेकून पळणारा. शेवटचा तास त्यानं कधी पाहिलाच नव्हता. त्याच्यापाशी शाळेची सगळी सकाळ होती, संध्याकाळ नव्हती. मी घरून कादंबरी आणली, ते पान उघडून त्याच्यापुढे ठेवलं. त्यानं मन लावून वाचलं, असं मला वाटलं. मग मोबाइल काढून पानाचा फोटो घेतला आणि खूश होऊन म्हणाला, "हे तर पुस्तकातच छापलेलं हाय बाई. म्हंजे आपलं वाक्य बराबर हाय."

मी कपाळावर हात मारला. पुन्हा सगळं समजावलं. कारभारी कोण, बाई कोण, मार कशाचा. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पण अर्थ तर चांगलाच हाय ना? कुणी का म्हणलं असंना. तुमी काहून एवढं मनाला लावून घेऊन राहिल्या?" त्याचं हे बोलणं मला फ्लेक्सपेक्षा घाण वाटलं. फ्लेक्सवाला निदान सरांना ओळखत नव्हता.

उद्घाटनाला फीत कापायला गयाआक्कांना बोलावलं होतं. आक्का म्हणजे सरांची थोरली बहीण. सरांनी लग्न केलं नाही. आक्का तरुणपणीच सासर सोडून आलेल्या, भावाजवळ राहिल्या, दोन-चार शेळ्या राखल्या, त्याला रांधून घातलं. वाचायला त्यांना सरांनीच शिकवलं होतं, पण आता मोतीबिंदूनं अक्षर दिसत नाही, रंग तेवढे धूसर कळतात. मी त्यांचा हात धरून उभी होते. समोर मंडप, खुर्च्या, निवेदकाची बडबड. तबकातली कात्री हातात घेता घेता आक्का माझ्याकडे वळल्या. "बाई, भिताडावर निळं निळं काय लिवलंय?"

खोटं सांगता आलं असतं. वाचनालयाचं नाव आहे, म्हटलं असतं तर निभावलं असतं. पण सरांच्या बहिणीला चुकीचं वाचून दाखवायला माझी जीभ वळेना. मी वाचून दाखवलं. आक्का ऐकत राहिल्या. "खाली कुणाचं नाव?"

"सरांचं."

आक्कांनी कात्री तबकात ठेवली. माईक जवळच होता आणि चालू होता. त्या कुणाला उद्देशून बोलल्या नाहीत, पण सगळ्या मंडपाला ऐकू गेलं. "हे तर माझा सासरा म्हणायचा. मला कोंडून कडी लावायच्या आधी." आणि त्या बाजूला थुंकल्या. फीत तशीच राहिली.

मी त्यांना घरी घेऊन आले. त्या ओट्यावर बसल्या. मी पाणी दिलं, ते प्यायल्या नाहीत. मग आपणहून बोलू लागल्या... "दोनदा पळून आले व्हते मी, बाई. दोन्हीबी खेपेला बापानं माघारी धाडलं. पोहोचवायला नागूच यायचा माझ्यासंगं. लहान व्हता. माझं गठुडं डोक्यावर घ्यायचा. सासऱ्याचं बोलणं त्यानं उंबऱ्यात उभं राहून ऐकलं व्हतं. तिसऱ्या खेपेला बापापुढं आडवा झाला, मला जाऊ दिलं न्हाई." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "मास्तर झाल्यावर त्यानं मला ती कादंबरी वाचून दाखवली. त्या पानावर आला अन् हसला. म्हणला, आक्का, तुझ्या सासऱ्याला मी दर साली फळ्यावर उभा करतो. लेकरं त्याला सवाल करत्यात."

एवढी वर्षं मी त्या फळ्यासमोरून गेले आणि मला वाटत राहिलं की सर भाषा शिकवत आहेत.

"आन् आता?" आक्का म्हणाल्या. "आता तो भिताडावर चढून बसला, बाई. अन् खाली नाव माझ्या भावाचं."

दत्ताचा काल फोन आला होता. झालं ते झालं, सरांचं दुसरं एखादं छानसं वाक्य सुचवा, पेंटर रिकामाच आहे म्हणाला. मी फोन ठेवला. ऑइलपेंटवर चुना धरत नाही, तो घासूनच काढावा लागतो, असं पेंटरनंच मला सांगितलं आहे. मी पॉलिश पेपर आणून ठेवला आहे. उद्या सकाळी आक्का आणि मी दोघी जाणार आहोत. त्यांना धड दिसत नाही, पण अक्षरं कुठे आहेत ते हाताला लागतं.