दिघेबेन आणि अधिकृत वापरकर्ते

कंपनीचा माणूस येऊन गेला की दिघेबेन उठून साबणाने हात धुऊन यायच्या. हस्तांदोलन त्या कोणाशीच करत नसत, तेव्हा हाताला लागून लागणार काय, तर एक व्हिजिटिंग कार्ड. तेवढंही त्यांना खपत नसे. दिवाळीला व्हिडिओवाल्या कंपनीकडून काजू-बदामाचा डबा आला की तो फूटपट्टीने शिपायाकडे सरकवायच्या आणि म्हणायच्या, "लई जा, मनुभाई. मला वास येतो त्याचा." डबा सीलबंद असे.

छाणीकडच्या आमच्या समाजकार्य कॉलेजात त्या ग्रंथपाल होत्या आणि मी समाजशास्त्र शिकवत होतो, अजूनही शिकवतो. घरी त्यांचं मराठी पुस्तकी, पण रागावल्या की मराठी-गुजराती दोन्ही भाषा एकदम बाहेर पडत. मला त्या शेवटपर्यंत ‘मास्तर’ म्हणाल्या. गेल्या वर्षी त्या गेल्या. बेसण्याला, म्हणजे शोकसभेला, जो तो त्यांना मायाळू म्हणत होता. मला ते ऐकवेना. मायाळू त्या नव्हत्याच. त्यांना किळस यायची, आणि ज्याची यायला हवी नेमकी त्याचीच यायची.

पूर्वी लायब्ररी फिल्म विकत घेई. डबी यायची, तिच्यावर नंबर पडायचा, ती कपाटात जायची. मग स्ट्रीमिंग आलं. वर्षाची वर्गणी भरायची, फिल्म राहणार कंपनीकडे, आपण नुसती बघायची. त्यातली कोणती कधी काढून टाकायची हेही कंपनीच ठरवणार. टाय लावलेला एक पोरगा हे समजावत होता तेव्हा मी तिथेच बसलो होतो.

"तुम्हाला ॲक्सेस मिळेल, बेन."

"म्हणजे खिडकीतून बघू देणार. आणि पडदा तुमच्या हातात."

"आजकाल सगळीकडे असंच आहे."

"घाण सगळीकडे असली म्हणून अंगाला फासायची का, भाई?"

तो गेला, बेन हात धुऊन आल्या, आणि वर्गणी भरली गेली. त्यांच्या सहीची गरजच नव्हती. सही ट्रस्टीसाहेबांची चालायची.

खरा घाव पुढे बसला. कॉलेजच्या जुन्या विद्यार्थ्यांनी बंद पडलेल्या कापड मिलच्या चाळीत जाऊन तिथल्या बायकांच्या मुलाखती टेपवर घेतल्या होत्या. कॅमेरा लायब्ररीचा, म्हणून दिघेबेन प्रत्येक वेळी त्याच्यासोबत गेल्या. पोरांच्या हातात तो सोडायची त्यांची तयारी नव्हती. त्या टेपा आमच्याकडे कपाटात होत्या. त्याच कंपनीने प्रस्ताव आणला की टेपा द्या, फुकटात डिजिटल करतो, फक्त हक्क आमचे. बेन ट्रस्टीसाहेबांकडे जाऊन म्हणाल्या, निदान एक प्रत आपल्याकडे ठेवू द्या. साहेब हसले. "हवे टेप कोण जुए छे, बेन?" म्हणजे आता टेप बघतंय कोण. टेपा गेल्या. करारानुसार त्या नंतर नष्ट करण्यात आल्या. आमच्याच बायका आम्ही वर्गणी भरून बघू लागलो. त्या दिवसांत बेन दुपारचा डबा उघडायच्या आणि तसाच बंद करायच्या. जेवण जात नाही म्हणायच्या.

अशात एक दिवस शोभाबेन आल्या. पन्नाशीची बाई, साड्यांना फॉल लावायचं काम करणारी, मराठीच. त्यांची आई सुभद्राबाई मिलच्या चाळीतली. आई वारून बरीच वर्षं झाली होती आणि घरात तिचा फोटो म्हणाल तर रेशनकार्डावरचा, तोही पुसलेला. कोणीतरी त्यांना सांगितलं की तुझी आई छाणीच्या कॉलेजात टीव्हीवर बोलते.

"बस एकवार बघायची आहे," त्या म्हणाल्या. "बोलायची कशी ते पण विसरायला झालंय."

करारात लिहिलं होतं की व्हिडिओ फक्त अधिकृत वापरकर्त्यांनी पाहावेत, म्हणजे आमचे विद्यार्थी आणि कर्मचारी. सुभद्राबाईंची मुलगी त्यात बसत नव्हती. मी हळूच म्हणालो, माझा पासवर्ड घाला ना, कोणाला कळतंय.

बेन भडकल्या. "म्हणजे तिने स्वतःच्या आईला चोरून बघायचं? माझ्या लायब्ररीत?"

मग त्यांनी जे केलं ते दुसऱ्या कोणाला सुचलं नसतं. कॉलेजात बचत गटांसाठी एक सर्टिफिकेट कोर्स चालायचा. त्यात त्यांनी शोभाबेनना रीतसर प्रवेश घेऊन दिला. आता ओळखपत्र येईल आणि ही बाई ताठ मानेने खुर्चीत बसून आई बघेल. त्या दिवसांत बेन खुशीत होत्या. येता-जाता मला म्हणायच्या, "त्यांच्याच कलमाने त्यांना गाठलं की नाही, मास्तर?"

ओळखपत्र आलं. शोभाबेन इस्त्रीची साडी नेसून, गळ्यात ते कार्ड घालून आल्या. बेननी स्वतः संगणक लावला, नाव टाकलं. पडद्यावर ओळ आली की हा व्हिडिओ आता उपलब्ध नाही.

फोन लावला. कंपनी मधल्या काळात दुसऱ्या कंपनीने घेतली होती आणि कमी पाहिले जाणारे व्हिडिओ काढून टाकले होते. पलीकडचा माणूस हिंदीत गोड बोलत होता. "मॅडम, कंटेंट तो रिफ्रेश होता रहता है." फाइल कुठे आहे, आहे तरी का, हे त्याला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी माझा पासवर्ड घातला असता तर आई दिसली असती, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. बेनचा चेहरा कडू औषध घेतल्यासारखा झाला होता, आणि या वेळी ती किळस कंपनीपुरती नव्हती.

शोभाबेन उठायला लागल्या. बेननी त्यांना हाताला धरून बसवलं आणि सांगायला लागल्या. मुलाखत चालू असताना त्या कॅमेऱ्यामागेच उभ्या होत्या. सुभद्राबाई चुलीपाशी बसल्या होत्या, नाकात मोरणी होती, बोलताना पदर दातात धरायच्या. बेननी त्यांचा आवाजही काढला. "मिल बंद झाली तरी मी भोंग्याच्या टायमाला ह्यांचा डबा भरायची. सवयच ना. मग ह्ये म्हणायचे, कुठं नेऊ? मी म्हणायची, न्या पलीकडल्या खोलीत, नि तिथं बसून खा." शोभाबेन हसल्या, रडल्या, कार्ड गळ्यातून काढून पर्समध्ये ठेवलं आणि गेल्या.

मला भरून आलं होतं. मी म्हणालो, "बेन, फार छान सांगितलंत. कॅमेऱ्याला हे जमलं नसतं."

कंपनीच्या माणसाकडे बघत तसंच त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"शरम करा, मास्तर. तिला आईचं तोंड बघायचं होतं. मी तिला माझं दाखवलं."