खुणेची वात

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षरही वाईट. शाळा चौथीतच सुटली, तेव्हा चुका पोटात घालाव्यात.

दुपारी आमच्या खिडकीखालच्या ओट्यावर बायका मेथी निवडत बसतात आणि सध्या कोण काय वाचतंय ते एकमेकींना सांगतात. मी गज धरून ऐकते. काल शालनताईंनी वर पाहून विचारलं, "वहिनी, तुम्ही काय वाचताय?"

"काही नाही," मी म्हणाले.

"मग पोळ्या कशानं करपतात हो तुमच्या?" सगळ्या हसल्या.

खरं तर मी एका नावाड्याच्या बायकोची गोष्ट वाचत होते. ती एकटीच होडी घेऊन समुद्रावर निघाली होती. काय वाचताय असं विचारणं म्हणजे सध्या कुठे असता, असंच विचारणं. मी समुद्रावर असते, हे गजांतून कसं सांगायचं? आज खाली जाऊन सांगणार होते.

पण सकाळी ह्यांनी पुस्तक उचललं. "पोळ्या करपतात. पुरे झालं ते वाचनालय," म्हणाले. खुणेला घातलेली माझी वात आतच राहिली.

ओट्यावर बायका जमत होत्या, तेव्हा हे परत आले आणि वाचनालयाची अनामत माझ्या हातावर ठेवली. एक पैसाही कापलेला नव्हता.