चार बुढ्यांचा दुसरा भाग

दुपारी ओट्यावर तूर निवडत बसलो होतो. तेवढ्यात आमच्या गल्लीतला व्हिडिओवाला गाडी घेऊन दारात आला. कारंज्याला त्याचं लग्नाच्या शूटिंगचं दुकान आहे. गाडीवरून न उतरताच तो म्हणाला, "काका, दुसरा भाग करून राह्यलो. तुमची तारीख पाह्यजे."

मला हसू आलं. उभा जन्म वायरमन म्हणून खांबांवर चढण्यात गेला. आता बायको नाही, मुलगी अमरावतीला आपल्या संसारात, आणि माझी तारीख कोणी विचारतंय!

"कोनतीही घे," मी म्हणालो. "पन कोन कोन हाये?"

तो हँडलवरची धूळ पुसत म्हणाला, "पाहू ना. तुमी तर हायेच."

पहिला भाग झाला तेव्हा हा प्रश्न विचारावा लागला नव्हता. त्यानं कुठला तरी हिंदीत डब केलेला इंग्रजी सिनेमा पाहिला होता. पैसे घेऊन दुसऱ्यांच्या लढाया लढणारे म्हातारे सैनिक, बंदुका, स्फोट. त्या वर्षी लग्नं कमी होती आणि कॅमेरा दुकानात पडून होता. आपण असा वऱ्हाडी पिच्चर करावा असं त्याच्या डोक्यात बसलं. मग तो चेहरे पाहत गावात फिरला आणि आम्हा चौघांना त्यानं उचललं.

एक एसटीचा रिटायर ड्रायव्हर. त्याच्या मिशा पाहून त्याला म्होरक्या केलं. एक टेलर, वाळका, चष्मा नाकावर घसरलेला. ज्याला सुईत दोरा ओवता येतो त्याचा नेम चुकणार नाही, म्हणून तो लांबून गोळी मारणारा. तिसरा दूधवाला. त्याच्या घरी म्हशी, आणि अंग असं की प्लास्टिकच्या पाइपाची तोफ त्याच्याच खांद्यावर शोभावी. आणि मी वायरमन, म्हणून बॉम्ब माझ्याकडे.

एका गुंडानं गावचा तलाव बळकावलेला असतो आणि हे चार बुढे तो सोडवतात, एवढीच गोष्ट. पण आम्ही ती भर वैशाखात थंडीची जर्किनं घालून केली. बंदुकांचा काळा रंग उन्हानं सुटून हाताला लागायचा, हातांचा तोंडाला. एका स्फोटात राखेचं पोतं आणि सुतळी बॉम्ब इतका जोरात उडाला की दूधवाल्याची म्हैस दावं तोडून पळाली. तो तोफ खांद्यावर घेऊन तिच्यामागे धावला, आणि व्हिडिओवाल्यानं तेही पिच्चरमध्ये ठेवलं. ड्रायव्हरनं जीप उलटी घेत धुरळ्यातून काढली, खाली उतरला, गॉगल सारखा केला आणि म्हणाला, "अबे, आमी रिटायर झालो, सरलो नाई." हे वाक्य त्याचं स्वतःचं होतं, कोणी लिहून दिलेलं नव्हतं.

लोकांनी ते मोबाइलवर इतकं पाहिलं की कारंज्याच्या बाजारात आम्हाला लोक थांबवू लागले. "अरे, हे तर थे बुढे!" भाजीवाली सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी फुकट द्यायची. माझी मुलगी फोनवर हसून हसून बेजार झाली.

खरं सांगायचं तर या पिच्चरच्या आधी आमची चौघांची दोस्ती नव्हती. ओळख होतीच. टेलरनं माझ्या पँटी शिवल्या होत्या, दूधवाल्याचं दूध घरी यायचं, तिघांच्याही घरचे फ्यूज मी बसवले होते. पण एकत्र बसलो होतो असं कधी झालं नव्हतं. म्हातारपणी, कोणाच्या तरी हौसेपायी, मला तीन दोस्त मिळाले. शूटिंग संपलं तरी संध्याकाळ झाली की पाय आपोआप बस थांब्याच्या ओट्याकडे वळायचे. चौघं तिथं बसून दुसऱ्या भागाची गोष्ट रचायचो. ड्रायव्हर म्हणायचा, "दुसऱ्या भागात मी हेलिकॉप्टर चालवतो." टेलर विचारायचा, "त्याले कंडक्टर लागते का?" दूधवाला हसायचा तेव्हा आवाज यायचा नाही, नुसतं पोट हलायचं.

थंडीत ड्रायव्हर गेला. सकाळी छातीत दुखलं, कारंज्याला नेईपर्यंत संपलं. टेलरच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, त्याला मुलगा पुण्याला घेऊन गेला. ट्रॅव्हल्समध्ये बसताना तो म्हणाला, "महिन्याभरात येतो." त्यालाही ते खरं वाटत नव्हतं.

राहिलो मी आणि दूधवाला. काही दिवस आम्ही दोघं ओट्यावर जाऊन बसलो. चौघांत बोलायला इतकं असायचं की एकमेकांचं तोडून बोलावं लागायचं. दोघांत काही निघेना. तो म्हणायचा, "आज थंडी हाये." मी म्हणायचो, "हाव." मग आम्ही रस्त्याकडे पाहत बसायचो. एक दिवस तो म्हणाला, "म्हैस व्याली, आता जमनार नाई." मी म्हणालो, "नोको येऊ मंग." त्यानंतर मीही गेलो नाही. भांडण झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं. तो समोरून येताना दिसला की मी दुसऱ्या गल्लीनं वळायचो, आणि मला वाटतं तोही तसंच करायचा. दूध मी पाकिटाचं आणू लागलो.

दुसऱ्या भागाचं नक्की झाल्यावर व्हिडिओवाल्यानं मलाच दूधवाल्याकडे पाठवलं. तो गोठ्यात शेण काढत होता. मला पाहून थांबला, पण टोपलं खाली ठेवलं नाही.

"दुसरा भाग करून राह्यला थो पोट्टा," मी म्हणालो. "येतं का?"

"कायले?"

"तोफ कोन धरीन मंग?"

"चौघाईचं होतं थे," तो म्हणाला. "तू जाय. मले नाई जमत." आणि टोपलं घेऊन उकिरड्याकडे गेला.

व्हिडिओवाल्याच्या दुकानातून टेलरला व्हिडिओ कॉल केला तेव्हा तो पुण्याच्या फ्लॅटच्या गॅलरीत बसला होता. मागे नुसत्या इमारती. बातमी ऐकून तो उभाच राहिला. "मले घेऊन राह्यले ना?" त्याचा मुलगा मागून म्हणाला, एवढ्या लांब पाठवणार नाही, डॉक्टरांनी धूळ टाळायला सांगितलंय. मग व्हिडिओवाल्यानं तोड काढली. टेलर दूर कुठंतरी लपून बसलाय आणि तिथून फोनवर हुकूम देतो, असा सीन. टेलरनं गॉगल लावला, सुनेची काळी शाल खांद्यावर घेतली, आणि मोठ्या आवाजात म्हणाला, "दुश्मन पूर्वेकडून येऊन राह्यला. तयार राहा." छान झालं. पण फोन ठेवायच्या आत त्यानं गॉगल काढला आणि मला म्हणाला, "माह्या दाराचं कुलूप पाह्यतं का रे कधी? गंजलं असीन. तेल सोडजो त्याच्यात." मी हो म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी जाऊन तेल सोडून आलो.

पिच्चरची सुरुवात ड्रायव्हरच्या मरणानं करायची, असं ठरलं होतं. त्याच्या फोटोसमोर बुढ्यांची टोळी बदल्याची शपथ घेते. फोटो खराच पाहिजे, म्हणून आम्ही त्याच्या घरी गेलो. भिंतीवर हार घातलेला फोटो होता तो आमच्या पिच्चरमधला. जर्किन, गॉगल, मिशा. घरात त्याचा दुसरा मोठा फोटोच नव्हता, असं वहिनी म्हणाल्या. त्यांनी पदरानं काच पुसली आणि फोटो माझ्या हातात दिला. "संध्याकायपावतर आनून द्या भाऊ. दिवा लावा लागते."

तूर निघून गेलेल्या एका वावरात शूटिंग होतं. टोळीत आता माझ्याशिवाय तिघं नवीन. कारंज्याचे एक रिटायर कारकून होते, त्यांनी गॅदरिंगमध्ये, नाटकांत कामं केलेली. आणि दोन जवान पोट्टे, केसांना पांढरा रंग फासलेले. बाभळीच्या बुंध्याला टेकून फोटो ठेवला. व्हिडिओवाल्यानं सुरू म्हटल्याबरोबर कारकुनांच्या डोळ्यांत पाणी आलं. हनुवटी थरथरली. "दोस्ता, तुझ्या रक्ताची शपथ," असं ते म्हणाले आणि गुडघ्यांवर कोसळले. वावरात बघायला आलेल्या बायाही गप्प झाल्या. त्या माणसानं ड्रायव्हरला एकदाही पाहिलेलं नव्हतं.

मला रडू येईना. फोटोकडे पाहायचो तर वाटायचं, हा आता गॉगल सारखा करील आणि काहीतरी बोलेल.

"काका, थोडंसं तरी पानी आना ना डोयात," व्हिडिओवाला म्हणाला. त्यानं बाम आणला, पापणीखाली लावला. डोळे चुरचुरले, लाल झाले, नाक वाहिलं. शेवटी वैतागून त्यानं कॅमेऱ्यात माझी पाठ घेतली आणि कारकुनांचं तोंड.

जेवताना कारकून माझ्याशेजारी येऊन बसले. भला माणूस. स्वतःच्या डब्यातली मिरचीची भाजी मला वाढली आणि विचारलं, "कसे होते हो ते?"

"चांगले होते," मी म्हणालो.

त्यांनी आणखी ऐकायला मान वाकवली. शेंगा तो आधी सगळ्या सोलून घ्यायचा आणि मग एकदम खायचा, हे मला माहीत होतं. बसचा हॉर्न ऐकून कोणत्या डेपोची गाडी हे ओळखायचा, हे माहीत होतं. पण त्याची मुलं किती शिकली, त्याला दुखायला कधीपासून लागलं होतं, यातलं काही मी कधी विचारलंच नव्हतं. आम्ही नुसते हसत बसायचो.

दुपारनंतर पळापळीचे सीन होते. माझा गुडघा ढेकळांत दोनदा मुरगळला, तेव्हा माझं जर्किन एका पोट्ट्याला घातलं आणि माझ्या जागी तो पळाला. मी बांधावर बसून स्वतःला पळताना पाहिलं. तो फारच चांगला पळत होता.

ऊन कलल्यावर बाकीची मंडळी सामान आवरू लागली आणि मी फोटो घेऊन एकटाच निघालो. वाटेत भेटणारी माणसं आधी फोटोकडे बघायची, मग माझ्याकडे. वहिनी दारातच उभ्या होत्या. मी स्टुलावर चढून फोटो खिळ्याला अडकवला, हार सारखा केला.

"झालं का नीट?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"रडले का बाप्पा सारे?"

"हाव. सारे रडले. एक जन तं लय रडला."

त्यांना बरं वाटलं असावं. त्यांनी चहा ठेवला. मी स्टूल कोपऱ्यात ठेवायला वळलो आणि तिथंच, भिंतीकडे तोंड करून, मला रडू फुटलं. वहिनींनी पाहिलं की नाही कोणास ठाऊक. त्या चुलीपाशी भांडी वाजवत राहिल्या. चहा होईपर्यंत मी डोळे पुसले होते. बामाचा वास अजून येत होता.

पिच्चर होळीच्या आसपास मोबाइलवर आला. पहिला भाग आम्ही चौघांनी एकाच मोबाइलवर, डोक्याला डोकं लावून पाहिला होता. भोवती अर्धं गाव होतं. दुसरा मी घरात खाटेवर बसून पाहिला. चांगला केला होता त्यानं. आवाज स्वच्छ, स्फोट मोठे. टेलर गॅलरीत छान दिसत होता. कारकुनांच्या रडण्याखाली लोकांनी हात जोडलेली चित्रं टाकली होती. पण पाहणारे कमीच होते. कोणीतरी लिहिलं होतं, "जुने बुढे कुठी गेले?" त्याला कोणी उत्तर दिलेलं नव्हतं. मला लिहिता येत होतं. मी बराच वेळ मोबाइल हातात धरून बसलो आणि मग ठेवून दिला.

दोन-चार दिवसांनी मीच दूधवाल्याच्या गोठ्यावर गेलो. कशाला गेलो ते सांगता येणार नाही. तो म्हशीला पाणी दाखवत होता.

"पाह्यला का?" मी विचारलं.

"पाह्यला." त्यानं बादली खाली ठेवली. "पयनारा तू नोयता."

"कायहून ओयखलं?"

"तू डावा पाय फेकत चालतं. थो सिधा पयत होता." मग म्हणाला, "गुडघा लय दुखते का?"

"दुखते."

"हं."

त्यानं एक रिकामं घमेलं पालथं करून माझ्याकडे सरकवलं. मी त्यावर बसलो. तो खाली भिंतीला टेकून बसला. त्याच्या पांढऱ्या दाढीत कुटाराची काडी अडकली होती. मला वाटलं, आता आम्ही ड्रायव्हरबद्दल बोलू. त्यालाही तसंच वाटत असावं, कारण तो एकदा खाकरला. पण त्यानं विचारलं ते, "पाकिटाच्या दुधाले साय येते का?"

"नाई येत."

"कायची येईन!"

मग दूध काढायची वेळ झाली आणि तो उठला. धार काढताना तो कोणाशी बोलत नाही, म्हैस बुजते म्हणतो. मी थोडा वेळ चरवीत पडणाऱ्या धारेचा आवाज ऐकत बसलो आणि घरी आलो.

आता पुन्हा त्याचंच दूध घेतो. ते त्याचा सालदार गडी सायकलवरून आणून देतो, त्यामुळे आमची भेट होतेच असं नाही. महिन्यातून एखादवेळी मी गोठ्यावर जातो, घमेल्यावर बसतो. कधी बोलतो, बहुतेक वेळा नाही. टेलरचा फोन रविवारी येतो. गावातलं काय काय ते सगळं विचारतो आणि मी सांगत जातो. मग त्याची सून जेवायला हाक मारते.