बोरीत भिजलेले मोजे

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. परभणीत वॉशिंग मशीन दुरुस्त करून पोट भरणारा माणूस मी... पाणी कुठून आलं हे शोधणं हाच माझा धंदा. कुणी भुताखेताचं बोललं की मी टिंगल करायचो.

प्रत्येक गिऱ्हाइकाला मी बजावतो – कपडे धुऊन झाले की मशीनचा नळ बंद करा, जुना पाइप वेळेत बदला. स्वतःच्या घरी मात्र बोंब! आमच्याकडे नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं. आल्याचं आवाजावरून कळावं म्हणून सगळे नळ उघडेच ठेवायची सवय. त्याच सवयीनं मशीनचाही. पाइपला चीर गेलेली मला दिसत होती. उद्या बदलू, परवा बदलू...

गेल्या उन्हाळ्यात आईचं खुब्याचं हाड मोडलं. मशीनशेजारच्या खोलीत जमिनीवरच तिची गादी घातली होती. उशाशी कूलर, त्याचा एक्स्टेंशन बोर्डही जमिनीवर. त्या दिवशी बायको शाळेत शिकवायला गेलेली आणि मी परभणीपासून लांब, बोरी गावात एका घरी मशीन उघडून बसलेलो. दुपारचे बारा वाजले असतील. अचानक पाय गार पडले. पाहतो तर दोन्ही मोजे चिंब! फरशी कोरडी ठणठणीत. मशीनला पाणी जोडलेलंच नव्हतं.

डोळ्यांपुढे एकदम तो चिरलेला पाइप आला... आणि बोर्ड. मी जाम घाबरलो. शेजारच्या मंगलवहिनींकडे आमची किल्ली असते, त्यांना फोन लावला.

"वहिनी, आमच्या घरी जा. बाहेरचा मेन स्विच आधी पाडा, मगच आत पाय टाका!"

पाच मिनिटांनी त्यांचा फोन आला. "भाऊजी, नळ आलेत. तुमचा पाइप फुटलाय, लय पाणी झालंय. बोर्डाच्या वीतभर अलीकडं थांबलंय बघा. आई बऱ्या हायत."

"मशीनचा नळ बंद केला ना?"

"मी कशाला? तो आवळून बंदच होता की."

गाडी कशी चालवली, आठवत नाही. घरी पोचलो तर आई फुगून बसलेली.

"मघाशी आलतास, नळ आवळलास अन् तसाच माघारी गेलास. मी हाका मारायलेय अन् तू बघंना. एवढ्या उन्हाचं घोटभर पाणी तरी पिऊन जायचं का न्हाई?"

पाइप का फुटला, ते मी कुणालाही समजावून सांगेन. लाइनमध्ये हवा कोंडली, पाण्याचा दाब आला, चूक माझी. आई औषधाच्या गुंगीत होती, असंही म्हणा हवं तर. पण मोजे? आणि नळ? मला आजही सांगता येत नाही.

आता पाइप नवा आहे, बोर्ड भिंतीवर आहे, नळ मी स्वतः बंद करतो. तेव्हा मी बोरीत होतो, हे आईला अजून सांगितलेलं नाही. त्या दिवशी तिच्यासमोर बसून तांब्याभर पाणी प्यालो, तेव्हा कुठं तिचा राग गेला.